साय घातलेला मिल्कशेक

तेलंगणातल्या बेला गावच्या शाळेत खुशाल सर एकवीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि घरात तितकीच वर्षं एकच सिद्धान्त मांडत होते, की बाजारात मिळणारी खायची कोणतीही वस्तू घरी बनते. पिझ्झा म्हणजे जाड भाकरीवर टमाटा. नूडल्स म्हणजे चुकीच्या घरात पडलेल्या शेवया. हे सगळं घरी बनतं असं ते सांगत, बनवत मात्र कधी नसत. सिद्धान्त मांडणारा वेगळा आणि प्रयोग करणारा वेगळा, अशी विज्ञानातही पद्धत आहेच.

पंचाईत झाली ती त्यांच्या मुलीमुळे. वृषालीनं इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर हैदराबादच्या एका कॉलेजात बेकरी आणि मिठाईचा तीन वर्षांचा कोर्स शोधून काढला, आणि वर तिचा नंबरही लागला. होस्टेलसाठी आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र सोमवारी पोचायला हवं होतं. आईनं, म्हणजे मीनलबाईंनी, आपल्या रकान्यात पहिल्याच दिवशी सही ठोकली आणि भावाच्या लग्नाला त्या नार्नूरला निघून गेल्या. वडिलांचा रकाना चार दिवस कोरा होता.

"तीन वर्षं केक शिकाचा?" सर रविवारी सकाळी म्हणाले. "तुह्या आजीनं कोणता कोर्स केला व्हता? हे सारं घरी बनते, पोरी."

"तुमी बनवलं का कधी?"

"त्याले बनवा काय लागते? कृती वाचली का झालं."

"मंग बनवा," वृषाली म्हणाली. "कुकीज अँड क्रीम मिल्कशेक. त्याले तर गॅसबी पेटवा लागत नाई. मी हात लावत नाई आन बोलतबी नाई. एक ग्लास पेण्यासारखा झाला, तर मी हा कागद फाडून टाकतो. नाई झाला, तर तुमी सही करा."

सरांना हा जरा अपमानच वाटला. पुरणपोळी सांगितली असती तर गोष्ट वेगळी होती. पण दिलेलं आव्हान सोपं आहे म्हणून नाकारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यांनी कृती लिहून मागितली. वृषालीनं चार ओळींत लिहून दिली: थंड दूध, व्हॅनिला आइसक्रीम, चॉकलेटची क्रीमवाली काळी बिस्किटं, मिक्सरमध्ये तीस सेकंद.

बिस्किटं कोपऱ्यावरच्या किराण्यात मिळाली. आइसक्रीमच्या पेटीत मात्र काडीवरचे दोन आंबे उरले होते आणि तेही अर्धे वितळून पुन्हा गोठलेले. कच्चा माणूस इथं थांबला असता. सरांनी घरी येऊन कृतीच्या पाठीमागं पृथक्करण मांडलं. आइसक्रीम म्हणजे काय? दूध, साखर, साय आणि गारवा. दूध आहे. साखर आहे. गारवा फ्रीजरच्या ट्रेमध्ये आहे. आणि साय तर स्टीलचा डबा भरून फ्रीजमध्ये आहे.

हा डबा त्यांच्या आईचा, विठाबाईंचा. त्या रोज त्यात त्या दिवसाची साय काढत, आठवा दिवस आला की घुसळत आणि तूप कढवत. सर जन्मापासून ते तूप वरणावर घेत आले होते. पण पहिल्याच दिवशी त्या डब्यात दह्याचा चमचा पडतो, तेव्हापासून ती साय मुरत असते, ही माहिती त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नव्हती. बसच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या गावात आपण कधी उतरत नाही, तसं त्यांचं त्या डब्याशी नातं होतं.

डबा उघडल्यावर थोडा आंबूस वास आला. फ्रीजमधल्या वस्तूंना येतो तसा असेल, असं सरांनी गृहीत धरलं.

वृषाली उंबऱ्यावर हाताची घडी घालून बसली होती. डबा दिसताच तिचं तोंड उघडलं. मग शर्त आठवली, मिटलं.

"पाहून राह्यली ना?" सर म्हणाले. "याले पर्याय शोधणं म्हंतेत."

सगळी साय मिक्सरच्या भांड्यात गेली. अर्धा ग्लास दूध, चार चमचे साखर, बारा बर्फाचे खडे, आठ बिस्किटं. तीस सेकंद फिरवून सरांनी झाकण काढलं. रंग सिमेंटचा आला होता, पण दाटपणा नव्हता. "आजून फिरवा लागते," असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं आणि मिनिटभर बटण सोडलं नाही. मिक्सरचा आवाज बदलला. आधी नुसती घरघर होती, आता आत कोणीतरी दार ठोठावत असल्यासारखं धप्‌ धप्‌ होऊ लागलं.

झाकण काढलं तर वर कवठाएवढा गोळा तरंगत होता, करडा, काळ्या ठिपक्यांचा. खाली भांडी विसळल्यासारखं पाणी.

"आता बोलू का?" वृषालीनं विचारलं.

"बोल."

"सातवीत तुमीच शिकवलं व्हतं मले. मिश्रणातले घटक वेगळे कराच्या पद्धती. चौथी कोणती, सर?"

शाळेत ती त्यांना सरच म्हणायची. घरात आजच म्हणाली.

"घुसळणे," सर म्हणाले.

"उदाहरण?"

"सायीपासून लोणी."

उत्तर पूर्ण गुणांचं होतं. तेवढ्यात कूलरपुढची झोप सोडून विठाबाई आत आल्या. तो धप्‌ धप्‌ आवाज त्या कोणत्याही झोपेत ओळखत.

"कोन लोणी काढून राह्यलं वं?" त्यांनी भांड्यात डोकावलं. "हे काळं काय पडलं, खुशाल?"

"बिस्किट, माय."

"लोण्यात बिस्किट काऊन टाकलं?"

विठाबाईंनी बोटानं गोळा दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पन निंगालं मातर झकास. बरफ बरोबर पडला तुहा. तुह्या बायकोले दहा वर्षं लागले हे जमाले."

सरांना इतकी मनापासून शाबासकी आयुष्यात मिळाली नव्हती, आणि मिळाली ती भलत्याच विषयात. तरी त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. खालचं पाणी ग्लासात ओतलं, एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. साखर घातलेलं ताक, वर बिस्किटाचा चुरा.

"पेता येते," ते म्हणाले.

"मंग पुरा ग्लास पेवा," वृषाली म्हणाली.

घरात साक्षीदार दोनच होते आणि दोघीही आपल्याच. ग्लास संपवून 'छान' म्हणणं काही अवघड नव्हतं. सरांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला आणि ग्लास ओट्यावर ठेवला.

"बरफानं लोणी लवकर काऊन निंगते?" त्यांनी विचारलं. एकवीस वर्षं त्यांनी घुसळणे शिकवलं होतं. हा प्रश्न ना कोणत्या पोरानं विचारला होता, ना त्यांनी स्वतःला.

"फिरू फिरू मिक्सी गरम व्हते ना, त्यानं साय गरम झाली तर त्यातला तुपाचा अंश पातळ राह्यते, जमत नाई," वृषाली म्हणाली. "गार असला तर कण घट्ट राह्यतेत, एकमेकाले चिकटतेत. पन लयच गार केलं तरबी चिकटत नाईत. मधलं नेमकं पाह्यजे. आजीले ते हातालेच समजते."

"हे कोर्सात शिकवतेत?"

"पयल्याच वर्षी. थर्मामीटर लावून."

"थर्मामीटर," सर म्हणाले. त्यांच्या शाळेत दोन होते, त्यातला एक फुटलेला. त्यांनी हात पुसले, कागद मागितला आणि मिक्सरशेजारीच ठेवून सही केली. खाली 'नाते' असा रकाना होता. तिथं 'वडील' लिहिलं.

"पुस्तक भेटलं का पयलं मले दाखवजो," त्यांनी बजावलं. "आन हे लोण्याचं जेथं असन, त्या पानावर खूण करजो."

"तुमाले परीक्षा द्याची हाय का?" वृषालीनं कागद दोन्ही हातांनी धरला होता, ओला असल्यासारखा.

विठाबाईंनी तोवर तवा ठेवला होता. ज्वारीची भाकर फुगली तशी त्यांनी ती फोडली, आत ते ठिपक्यांचं लोणी सोडलं आणि तिघांना वाटली. लोणी वितळून सरांच्या मनगटापर्यंत आलं. मध्येच बिस्किटाचा खडा दाताखाली येई.

"साखर जास्त झाली," असं म्हणून विठाबाईंनी दुसरी भाकर थापायला घेतली.