आतून न उघडणारे दार

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, डोके थंड ठेवणे हा माझा जन्माचा धंदा, पण परवाच्या दुपारपासून माझे डोके ठिकाणावर नाही. जे झाले ते माझ्या पोटात, माझ्या दाराआड झाले आणि मला काही म्हणजे काही करता आले नाही. अजून आठवले की माझ्या पत्र्यावर काटा येतो. पत्र्यावर कसला आलाय काटा, असे म्हणून तुम्ही हसाल. पण आधी ऐका तर खरे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, रंग देऊन, दार बसवून आम्हाला रांगेत उभे केले, तेव्हा एक तपासनीस हातात कागदाच्या पट्ट्या घेऊन आला. पट्टी दारात धरायची, दार लावायचे आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर दार ढिले. माझ्या शेजाऱ्याची सर्रकन निघाली आणि त्या बिचाऱ्याला परत पाठवले. माझी पट्टी मात्र ओढता ओढता फाटली. तपासनीस खूश झाला. आयुष्यातले पहिले कौतुक कोण विसरेल? त्या काळच्या रीतीप्रमाणे मला बाहेरून मूठ होती आणि आत खटका. दार लोटले की 'खट्' व्हायचे आणि बाहेरून मूठ ओढल्याशिवाय ते तसूभर हलायचे नाही.

मी या घरात आलो तेव्हा आजचे बाबा शाळेत जात होते. त्यांनी एकदा काडेपेटीत घालून एक भुंगा माझ्यात ठेवला होता, त्याला उकडतंय म्हणून. दूध, औषधे, बर्फ, उरलेसुरले कालवण, सगळे मी जिवापाड सांभाळले. मग बाबांचे लग्न झाले, भिंगरी झाली, गोटू झाला आणि एक दिवस माझे इंजिन घरघर करून बंद पडले. दुरुस्ती करणाऱ्याने मान हलवली. स्वयंपाकघरात माझ्या जागी गुळगुळीत, उंच, नवा फ्रिज आला आणि माझी रवानगी बागेच्या टोकाला, अवजारांच्या खोलीबाहेर झाली. गरज सरो, वैद्य मरो. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पण नशीब उघडले ते उंदरांमुळे. त्यांनी अवजारांच्या खोलीतले सगळे बियाणे फस्त केले, तेव्हा आईला युक्ती सुचली. बियाणे जुन्या फ्रिजमध्ये ठेवायचे. मी पुन्हा कामाला लागलो. उंदीर सोडा, मुंगीसुद्धा माझ्यात शिरली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला आई माझे दार लावून दाखवायची आणि म्हणायची, हवादेखील आत जात नाही. मी फुशारून जायचो.

दर वर्षी उन्हाळा सरत आला की या घरात एकच धांदल उडते. सगळी बाग एकदम पिकते. कांदे, घेवडा, भोपळे आणि टोमॅटो तर विचारूच नका. आईची थोरली बहीण, म्हणजे मुलांची मावशी, मदतीला येऊन राहते. मावशी मनाने सोन्याची, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. खुरपे जागेवर नाही, पाटी उलटी ठेवली, पिशवीचे तोंड बांधले नाही, अशी तिची दिवसभर कुरकुर. सगळे तिची नक्कल करून हसायचे. मीही मनातल्या मनात हसायचो.

यंदा टोमॅटो इतके आले की चिरून वाळत घालायला जागा उरली नाही. बाबांनी इकडे तिकडे पाहिले आणि माझ्या तारेच्या जाळ्या काढून नेल्या. जाळ्यांवर टोमॅटो मांडून त्या खोलीच्या छपरावर ठेवल्या. सगळ्यांनी त्यांच्या डोक्याची वाहवा केली. माझ्यात उरली ती फक्त मावशीच्या घेवड्याच्या बियाण्याची पिशवी. एरवी तीन जाळ्या असलेले माझे पोट मोकळे झाले होते, एका लहान मुलीला बसता येईल इतके. हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

भिंगरीच्या ते बरोबर ध्यानात आले. ती पाच वर्षांची, नावाप्रमाणे एका जागी न टिकणारी. परवा दुपारी दोघे भावंडे लपाछपी खेळत होती. गोटूवर राज्य होते. तो सात गाळून दहापर्यंत मोजत होता, तेवढ्यात भिंगरी धावत आली. तिने माझी मूठ ओढली, पिशवी उचलून बाहेर ठेवली, आत शिरून गुडघे पोटाशी घेतले आणि दार ओढून घेतले.

खट्.

मित्रांनो, आधी मला गंमतच वाटली. ती आत तोंड दाबून हसत होती. मग हसणे थांबले. तिने दार ढकलले. पुन्हा ढकलले. मग दोन्ही हातांनी, मग पायांनी. ती आईला हाका मारू लागली आणि त्या हाका माझ्याच भिंतींना आपटून तिच्याकडे परत जाऊ लागल्या. तेव्हा मला कळले. ज्या दाराचा मी जन्मभर तोरा मिरवला, ते दार आता या लेकराचा श्वास अडवून बसले होते. मी खटक्याला विनवले, रबराला विनवले, कुठे तरी फट पडू दे, एकदा तरी ढिला हो. पण माझ्या अंगाला तशी सवयच नव्हती.

आणि तेवढ्यात बाबा आले. छपरावरचे टोमॅटो उलटून ते शिडीवरून उतरले, माझ्या दाराला पाठ लावून टेकले, एका पायाचा बूट काढला आणि त्यातला खडा झटकला. आत भिंगरी दार बडवत होती. माझे दार जाड, त्यात थंडावा टिकवायची काचेची लोकर गच्च भरलेली. शेजारच्या घरी गवत कापायचे यंत्र घरघरत होते. बाबांनी बूट घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवून घाम पुसला आणि निघून गेले. मला वाचा का नाही, असे मला जन्मात प्रथमच वाटले.

गोटू शोधून कंटाळला आणि ताई सापडत नाही म्हणून रडत घरात गेला. भूक लागली की येईल आपोआप, असे आई आधी म्हणाली. मग तिने दारातून हाक मारली. दुसरी हाक जरा मोठ्याने मारली. तिसऱ्या हाकेला बाबांच्या हातातली पाटी खाली पडली. आई रस्त्याकडे धावली. बाबा पाण्याच्या टाकीकडे धावले आणि झाकण उचलून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला. सगळे माझ्यापासून लांब लांब जात होते. आत भिंगरीचे हात थांबले होते.

मावशी घरामागून धावत आली. अवजारांच्या खोलीत बघायचे म्हणून ती माझ्यासमोरून गेली आणि थबकली. तिची बियाण्याची पिशवी मातीत पडली होती, भर उन्हात.

"आता ही कोणी काढली बाहेर?" ती सवयीने पुटपुटली. पिशवी उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. तिची नजर माझ्या बंद दारावर गेली. पुढच्या क्षणी तिने माझी मूठ अशी ओढली की मी जागचा हललो.

भिंगरी बाहेर कलंडली. ओठ निळे, केस घामाने कपाळाला चिकटलेले. मावशीने तिला उताणे ठेवले, मान सरळ केली, गालावर थोपटले, नाव घेत राहिली. तोंडाचा पट्टा चालवणारी ती बाई नावाखेरीज दुसरे काही बोलत नव्हती. मग भिंगरीने श्वास घेतला. घशात घर्र झाले, मग ती खोकली आणि रडली. तसे गोड रडणे मी कधी ऐकलेले नाही.

आईबाबा धावत आले. बाबांनी तिला कवेत घेतले. ती त्यांच्या खांद्यावर हुंदके देत राहिली आणि जरा वेळाने म्हणाली, "बाबा, मघाशी फ्रिज हलला. तू टेकला होतास ना? मी तुला किती हाका मारल्या."

बाबांनी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या नजरेने मी आजही सुन्न आहे. हवा आत जात नाही, हे आईला ठाऊक होते. मलाही ठाऊक होते. कौतुकाच्या भरात त्या वाक्याचा दुसरा अर्थ कोणाच्या मनाला शिवला नाही.

डॉक्टरांनी तिला तपासून सुखरूप घरी पाठवले. बाबा आल्या आल्या पेचकस घेऊन माझ्याकडे आले. पेच गंजले होते, एकट्याने सुटेनात. शेवटी मावशीने दार धरले आणि बाबांनी बिजागऱ्या काढल्या. मला दुखले नाही. उलट हे आधीच का केले नाही, असे वाटले. आता उंदीर येतात, घेवडा खातात, मावशी त्यांना शिव्या देते. खाऊ देत.

मित्रांनो, तुमच्या घरामागे, गच्चीवर, जिन्याखाली माझा एखादा भाऊबंद उभा असेल. जुनी पेटी असेल, कपडे धुण्याचे बंद पडलेले यंत्र असेल. त्यात कधी लपू नका. आणि आज जेवायच्या आधी घरातल्या मोठ्यांना त्याचे दार काढायला लावा. 'उद्या बघू' म्हणाले तर हट्ट धरा, रडा, रुसून बसा. आत्ता बाहेर आहात, तोवर तुमचे रडणे त्यांना ऐकू येते.