गाडी पुसून येते

घरात सामसूम होती आणि खुंटीवरची गाडीची किल्ली खळकन वाजली.

ओट्यापाशी कप विसळणाऱ्या सुनेचा हात जागच्या जागी थांबला. ही किल्ली न वाजवता काढायची विद्या त्या घरात फक्त तिलाच येत होती. आधी मुठीत घट्ट आवळायची, मग उचलायची. रोज दुपारी मुंगी झोपली की ती हा उद्योग करी. मुंगी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. साखरेच्या डब्याशी असलेल्या घरोब्यामुळे तिला हे नाव पडलं होतं. किल्ली मुठीत आली की ती सासूबाईंना हळूच सांगे, "गाडी पुसून येते हं." मग जिना उतरून खालच्या पार्किंगमध्ये जायचं, गाडीत शिरायचं, काचा वर करायच्या. तिथे काळोख, म्हणून छतावरचा दिवा लावायचा आणि मागच्या सीटवर उशी टेकवून, पाय पसरून पुस्तक उघडायचं. वाचनाचा वेग म्हणाल तर आठवड्याला एक पान. पण त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारत नसे. एवढ्या एका सुखासाठी बाई रोज खोटं बोलत होती, आणि गाडी होती तशीच धुळीने माखलेली होती. फडक्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"आई, चल. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उशीर होईल," नवऱ्याने किल्ली बोटावर फिरवत हाक दिली.

सासूबाई निघाल्या, मुंगीही हट्टाने निघाली. मग हीसुद्धा नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून मागोमाग उतरली.

नवऱ्याने किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्-टक्-टक्-टक्. इंजिनाने मात्र हूं की चूं केलं नाही.

आणि तिला काल दुपार आठवली. मुंगी रडली असं वाटून ती पुस्तक काखोटीला मारून धावत सुटली होती. वर जाऊन बघते तर पोर गाढ झोपलेली. पण दिवा? दिवा बंद केलाच नव्हता!

बॅटरी उतरल्याचं कळलं की का उतरली तेही कळणार, आणि मग तो अर्धा तास गेलाच म्हणून समजा. नवरा आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. तो वाईट वाटून घेणाऱ्यांतला होता. "घरात तुला काय कमी आहे?" असं त्याने विचारलं असतं. तिला काही कमी नव्हतं, हीच तर अडचण होती.

तेव्हा बॅटरी सोडून काय वाटेल ते बिघडलेलं चालेल, असं ठरवून बाईसाहेब मेकॅनिक झाल्या.

"पेट्रोल संपलं असेल."

"काटा अर्ध्यावर आहे."

"मग स्टार्टर गेला असेल. नाहीतर उंदराने वायर कुरतडली असेल. उंदीर फार झालेत हल्ली."

"तुला कधीपासून गाडीतलं कळायला लागलं गं?"

"रोज पुसते ना!" असं म्हणून तिने जीभ चावली. नवऱ्याने बॉनेटवर बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते निमूटपणे रुमालाला पुसलं.

एवढ्यात शेजारचे काका आले. बंद पडलेली गाडी आणि काका यांचं नातं गूळ आणि माशीसारखं होतं.

"हॉर्न वाजव बघू," काकांनी फर्मावलं.

सर्दी झालेल्या शेळीसारखा आवाज निघाला.

"बॅटरी! अरे, नुसतं टकटक करतेय म्हणजे स्टार्टर फिरवायला जोरच पुरत नाही. माणूस खोटं बोलेल, हॉर्न नाही बोलायचा."

"पण काका, उंदीर..." ती क्षीणपणे म्हणाली.

"सूनबाई, उंदरांना दुसरी कामं आहेत."

काकांनी आपली गाडी समोर आणून नाकाला नाक भिडवलं. लाल केबल प्लसला लागली, काळीचं एक टोक त्यांच्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ह्यांच्या इंजिनाच्या लोखंडाला. काकांची गाडी घुरघुरत राहिली. स्वतःची गाडी सुरू होऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारी जगातली पहिली बाई आपणच असणार, हे तिला त्याही स्थितीत कळत होतं.

देवाने ऐकलं नाही. नवऱ्याने किल्ली फिरवली, गाडी गुरगुरून जागी झाली आणि छतावरचा दिवा लख्ख पेटला.

"हा दिवा कुणी लावून ठेवला?" नवऱ्याने वर पाहत विचारलं.

"मुंगीने दाबलं असेल बटण," ती पटकन बोलून गेली.

मुंगीने आईकडे पाहिलं. ती रडली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त तिचा खालचा ओठ हळूहळू पुढे आला. अर्ध्या तासाच्या एकांतासाठी आपण पोटच्या पोरीवर चोरी ढकलली!

"नाही रे," ती म्हणाली. "तिने नाही, मी लावला. मी दुपारची येऊन बसते इथे. पुसत बिसत काही नाही."

"इथे? एकटी?" नवऱ्याचा चेहरा पडायला लागला. "का गं? घरात तुला..."

"अरे, बसू दे की तिला!" सासूबाई एव्हाना मागच्या सीटवर स्थिरावल्या होत्या. ती उशी त्यांनी आपल्या पाठीशी घेतली होती. "मला ठाऊक आहे ते. आणि आता गाडी बंद करू नकोस, बॅटरी भरू दे. चल."

"तुम्हाला ठाऊक होतं?" हिने खिडकीतून आत वाकून विचारलं.

"मला पण ठाऊक आहे!" मुंगीचा ओठ केव्हाच जागेवर गेला होता. "मी झोपत नाही काही. मी आणि आजी जिन्यातून बघतो. आजी म्हणते, शूऽऽ, आई गावाला गेलीय, हाक नाही मारायची."

तिने मुंगीला उचलून कडेवर घेतलं. मुंगीने दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि भुवया आक्रसून, मोठ्या गंभीरपणे विचारलं,

"पण आई, गाडी तर जराशीपण हलत नाही. मग तू कुठल्या गावाला जातेस?"