चौथा भोपळा

चौथा भोपळा मीच फोडला. आता तो दोष कुणाच्या माथी मारू?

मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी भावजय रुक्मा तीन दिवसांत गेली. मी विधवा होऊन गुंद गावाला भावाकडे, कान्हूकडे, राहायला आले तेव्हापासून घरात हुकूम माझाच. दहाव्याला तो भावकीबरोबर नदीवर गेला आणि मी घर आवरायला घेतलं. मयताच्या घरातली जुनी मडकी आणि पाण्याचे वाळके भोपळे आमच्यात ठेवत नाहीत. चुलीवर आढ्याला चार भोपळे टांगलेले होते. चारही काढले, अंगणाच्या कडेला दगडावर आपटले आणि एक काम उरकलं म्हणून हात झटकले.

कान्हू आला तो वर बघतच राहिला.

"अक्का, चौथा कुठं हाय?"

"सुतकाचं काय ठेवून घेऊ? फोडला."

"त्यो पाण्याचा नव्हता गं. एकतारीचा व्हता. धुरात सुकाय ठेवला व्हता."

"मग काय झालं? कडू भोपळ्याला काय तोटा? पुढल्या साली दुसरा येल."

"भोपळा येल. रुक्मा कुठनं आणू?"

तेव्हा मला आठवलं. ताप यायच्या आधी महिनाभर दोघं संध्याकाळी ओट्यावर बसायची. रुक्मा भोपळ्याच्या तोंडाशी ओठ नेऊन एकच सूर लांबवायची. कान्हू विळ्याच्या टोकानं भोपळा आतून खरवडायचा, हात लावून बघायचा, पुन्हा खरवडायचा. तिच्या आवाजाला भोपळा थरथरला की झाला, असं त्याचं म्हणणं. तो थरथरला त्या दिवशी दोघं पोरांसारखी हसली. मी आतून ओरडले होते, "पुरे झालं चाळं, भात कोण कांडणार?"

म्हणजे तिचा सूर तेवढा त्या भोपळ्यात उरला होता. आणि मी मेली तोही दगडावर आपटून बसले.

एकतारीसाठी सुप्याच्या बाजारातून आणलेली पितळी तार कान्हूनं ओट्याच्या दोन खांबांना बांधली. रोज सकाळी तो ती पिळायचा, छेडायचा आणि विचारायचा, "अक्का, असाच व्हता न्हवं तिचा सूर?" सुरुवातीला मी नाही म्हणायचे. मग त्याचं तोंड बघवेना, म्हणून व्हय म्हणायला लागले.

आज त्यानं तारेला हातच लावला नाही.

"परवा बी व्हय म्हणालीस, काल बी व्हय. दोन्ही सूर येगळं व्हतं, अक्का. मला आता आठवंना झालंय. तू तरी खरं सांग."

काय सांगू? चार वर्षं ती माझ्याबरोबर एका चुलीशी वावरली. तिनं गुणगुणायला तोंड उघडलं की मी काम सांगायचे. तिचा सूर मी कधी ऐकलाच नव्हता.