पाचवा फर्मा

पाचव्या फर्म्यात चिमी आली.

घडी घालता घालता ताईचा हात थांबला. सोळा पानांचा एक फर्मा, असे नऊ फर्मे मिळून धाकट्या भावाची कादंबरी होणार होती. छापखान्यातून एकेक फर्मा बाइंडिंगखान्यात येई आणि घड्या घालताना ताई तो वाचून काढी. चार फर्मे झाले तरी तिचा कुठे पत्ता नव्हता. वडिलांचा कारखाना बुडाला, बंगला गेला, एका खोलीत बिऱ्हाड आलं, सगळं घडलं तसंच होतं. फक्त घरात मूल एकच होतं, मुलगा. आणि आता सहासष्टाव्या पानावर छापलं होतं, ‘दार ढकलून चिमी धावत आली.’

चिमी हे ताईचं घरातलं नाव. त्या नावाने हाक मारणारं आता धाकट्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“मावशी, आले बघा मी,” ती म्हणाली.

समोर पुस्तकांच्या पाठीला खळ लावणारी मावशी बसायची. धाकट्याने आपल्या घरावर मुलांसाठी पुस्तक लिहिलंय, त्यात मी असणार, हे ताईने महिनाभर आधीच साऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून मावशी रोज विचारायची, “आज तरी जन्मलीस का गं?” आता तिने हात पुसले. “वाच की मोठ्यानं.”

ताईने वाचलं. पुढच्याच ओळीत चिमीने शेपूट हलवलं.

मावशी हसली असती तर बरं झालं असतं. ती खाली मान घालून खळ ढवळत राहिली.

उरलेली पानं ताईने मनात वाचली. नव्या शाळेत जायला मुलाकडे बूट नव्हते, तर चिमीने कुठूनसे बूट तोंडात धरून आणले. त्यांचे पट्टे कापलेले होते. ते पट्टे ताई ओळखत होती. नववीतून तिचं नाव काढलं, त्या दिवशी तिनेच भाजी चिरायच्या सुरीने आपल्या बुटांचे पट्टे कापले होते, मुलीचे बूट म्हणून धाकट्याला कुणी चिडवू नये म्हणून. ऐंशीव्या पानावर कुत्री मोटारीखाली सापडून मेली. पुढच्या फर्म्यांत वडिलांना भला भागीदार भेटला आणि नवव्या फर्म्यात बंगला परत आला. खरे वडील तेरा वर्षं खाटेवर पडून होते, आणि त्यांचं अंग पुसण्यापासून सगळं ताईने केलं होतं.

वाया गेलेले छापील कागद मावशीच्या नातीने घरी नेऊन वाचले. तिचं म्हणणं एवढंच, की कुत्री मेल्यावर पुस्तकात काही उरत नाही.

शनिवारी धाकटा प्रकाशन समारंभासाठी दहा प्रती न्यायला आला. ताईने त्या बांधून ठेवल्या होत्या. सुतळीची गाठ मारता मारता तिने विचारलं, “मी कुठंय रे यात?”

“होतीस ना. दोन अख्खी प्रकरणं होती तुझी. प्रकाशक म्हणाले, शाळा सोडणारी मुलगी आली की मुलं पुस्तक मिटतात. कुत्रा चालतो.” तिचा चेहरा बघून त्याने समजूत घातली. “पण तुझं काही वाया नाही घालवलं, ताई. सगळं तिला दिलं. नावसुद्धा.”

“मग मारलीस कशाला?”

“तिथं मुलं रडतात,” तो म्हणाला, आणि गठ्ठा उचलला. जाता जाता तिला समारंभाचं आमंत्रणही देऊन गेला. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या होत्या, पण मागे जागा मिळेल म्हणाला.

फर्म्यांची जुळवणी चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापतात, आधीच्यापेक्षा थोडी खाली. नऊ फर्मे नीट जुळले की पुस्तकाच्या पाठीवर जिना उतरलेला दिसतो. एखादी पायरी नसली तर प्रत बाद. सव्वीस वर्षांत ताईच्या हातून एकही पायरी सुटली नव्हती.

त्या दुपारी पुस्तकं शिवणाऱ्या मिस्त्रींनी शेवटच्या थप्पीवरून अंगठा फिरवला आणि ते थबकले.

“ताई, यात पाचवी पायरी नाही. रद्दीत टाकू?”

“नको. शिवून द्या. माझी आहे.”

बाद प्रत कामगाराने घरी न्यायची तिथली रीत होती, पण ताईने आजवर कधी नेली नव्हती. मिस्त्रींनी ती शिवली. मावशीने पाठीला खळ लावली, जरा जास्तच घट्ट.

सुकल्यावर ताईने ती उघडून पाहिली. चौसष्टाव्या पानावर मुलगा नव्या शाळेच्या फाटकाशी अनवाणी उभा होता. लगेच पुढे एक्याऐंशीवं पान होतं, आणि तो बूट घालून वर्गात बसला होता.

बूट कुणी दिले, ते या प्रतीत नव्हतं.