डावीकडची गाडी

माझी सहा वर्षांची नात अन्वी शाळेत एकटी चालत जाते म्हटल्यावर मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मुलाकडे जर्मनीत ब्योब्लिंगेनला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते.

"अहो आई, इथे पहिलीपासून सगळी मुलं एकटीच जातात. शाळाच सांगते तसं," सून मैथिली म्हणाली.

"सांगू दे! शाळेचं काय जातंय? पोर आपली आहे," म्हणत मी पायात चपला सरकवल्या. मैथिली ऑफिसच्या कॉलवर होती, तिनं हात टेकले.

अन्वी टुणटुण चालत होती. मोठ्या रस्त्याच्या सिग्नलला थांबली. समोरच्या दिव्यातला माणूस लाल. मी उजवीकडे बघितलं, चिटपाखरू नाही. पन्नास वर्षं लक्ष्मी रोड हात दाखवून ओलांडलाय मी. मोकळ्या रस्त्याकाठी मख्खासारखं उभं कशाला राहायचं?

"चल गं, गाडी नाहीये."

"रोट आहे, आजी! लाल आहे!"

"काही होत नाही, मी आहे ना." मी तिचं मनगट धरून ओढलं.

दोन पावलं गेलो असू. डावीकडून करकचून ब्रेक लागले. इथे गाड्या उलट्या बाजूनं येतात, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं! आणि अन्वी माझ्या डाव्या हाताला. गाडी तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

मी तिला मागे फुटपाथवर घेतलं. गाडीतली बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती. अन्वी रडली नाही. पांढरीफटक पडली नुसती.

घरी मी सगळं कबूल केलं. मैथिलीनं अन्वीला उचलून आत नेलं. मुलगा म्हणाला, "जाऊ दे आई, कुणाला लागलं नाही ना." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अन्वी एकटी निघाली. राहवेना, म्हणून मी बरीच मागे चालले. सिग्नलला आणखी तीन-चार मुलं होती. हिरवा लागला, ती मुलं गेली. अन्वी हलेना. पुन्हा लाल झाला, पुन्हा हिरवा. ती तिथंच.

शेवटी मी जवळ गेले. "जा ना बाळा, हिरवा आहे आता."

तिनं सिग्नलचा खांब दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आजी," ती म्हणाली, "ओढू नकोस."