उलट बाजूची तुरपाई

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एका शिंप्याची आहे, लहानशीच. पण ऐकताना मन जागेवर ठेवा, शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे.

शिंप्याने ब्लेडचं टोक निळ्या कापडी पट्टीवरच्या पहिल्या लाल टाक्याखाली घातलं.

"मास्टर, काय चाललंय?" काज-बटणं करणाऱ्या मावशींनी चष्म्यावरून पाहिलं.

"उसवतोय."

नात जन्मली त्या दिवशी त्याने सिगारेट सोडली होती. तेव्हापासून रोज दुकान उघडलं की आदल्या दिवसाचा एक टाका या पट्टीवर. दोनशे बारा झाले होते. काल मात्र जुन्या मित्राला शेवटचं पोचवून आल्यावर कुणीतरी पाकीट पुढे केलं, आणि हाताने त्याला विचारलंसुद्धा नाही. तीन ओढल्या. संध्याकाळी नात झेपावली, तर तिला न घेताच तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"सगळं उसवणार?"

"मग खोटी शिवण ठेवू? माझ्याच्यानं व्हायचं नाही मावशी. माझं हाडच वाईट."

"हाड राहू द्या. मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत? बाही चुकली, तर?"

त्याने ब्लेड टाक्याखाली आणखी सरकवलं.

"तर?"

"चुकली तिथपर्यंतच उसवायची," तो पुटपुटला. "अख्खा सदरा नाही."

"आणि कालचा टाका घातलात?"

"नाही."

"अहो, मग उसवायला आहेच काय तिथं?"

त्याला हसू फुटलं, पण ब्लेड हातातच राहिलं. "बोलायला सोपं आहे. तुम्हाला सोडायला लागलंय का काही?"

मावशींनी बटणावर मान घातली.

मागून दोरे कापावेत म्हणून त्याने पट्टी उलटली. तिची कड त्याने कधी दुमडली नव्हती. आता ती बारीक दुमडून पांढऱ्या दोऱ्याने तुरपलेली होती. लाल टाक्यामागे एक पांढरा, आणि सुलट बाजूला सुताचाही पत्ता नाही. असा हात दुकानात एकच होता. दोन ठिकाणी मात्र कड उघडी होती.

त्याने मावशींच्या मांडीशी पाहिलं. त्यांच्या तपकिरीच्या डबीत टाचण्या होत्या. कधीपासून, ते त्याला आठवेना.

"मावशी, या दोन जागा?"

"एक जावेशी भांडले तेव्हाची."

"आणि दुसरी?"

"उगाच."

त्याने ब्लेड खणात टाकलं. एका टाक्याची जागा मोकळी सोडून बोटाने दाबून धरली. "उद्या इथून पुढे," तो म्हणाला. त्या संध्याकाळी नात झेपावली, तेव्हा तो कुठेही गेला नाही.

देव माणसाच्या पाठीशी उभा राहतो म्हणतात; इथे तो सुई घेऊन बसला होता.

पट्टी आता चार हात लांब आहे. मावशी गेल्या, त्या जागी मागची तुरपाई बदलते. दोरा पांढराच, पण हात जाड. टाके सुलट बाजूला दिसतात. शिंप्याला ती कला कधी साधली नाही, तरी रोज तो दोन टाके घालतो.

तुम्ही हात जोडाल तेव्हा त्या मावशींना एकदा आठवा. मागणं एवढंच.