लोखंडी कपाटातला डाळिंबी पासपोर्ट

मी नौशीनचा इराणी पासपोर्ट बोलतोय. हळूच बोलतो, कारण कपाट लोखंडाचं आहे आणि आत आवाज घुमतो.

माझा रंग डाळिंबी. माझ्या पोटात नौशीनचा डोक्याला रुमाल बांधलेला फोटो आहे, जरा घाबरलेला. तिच्याकडे अमेरिकेचा निळा पासपोर्टही आहे, मोठा रुबाबदार. पण इराणात, तिच्या शिराझ गावी, त्याला कोण विचारतो? तिथे जन्मलेल्या माणसाला माझंच बोट धरून आत यावं लागतं. दर नवरोजला, आमच्या नववर्षाला, आम्ही तिच्या आईकडे जायचो. तिकडून निघताना तिची आई, तूबा खानूम, आमच्या मागे तांब्याभर पाणी ओतायच्या, लेक सुखरूप परत यावी म्हणून.

मग इथे अमेरिकेत, व्हर्जिनियात, नौशीनला लढाऊ जहाजांच्या रडारचं काम मिळालं. काम गुप्त. त्याला सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, म्हणजे बाई भरवशाची आहे अशी सरकारची परवानगी. ती असेल तरच पगार, आणि पगाराबरोबर औषधपाण्याचा विमा. नवरा सोडून गेलेला, आणि लेकीला, गीसूला, दमा. झोपलेल्या पोरीच्या छातीवर हात ठेवून नौशीन बसून राहायची. मी उशाजवळच्या खणात असायचो, मला सगळं कळायचं.

त्या परवानगीसाठी सरकारचा चौकशीचा माणूस शेजारीपाजारी फिरला. इथेच राहणाऱ्या, आमच्याच गावच्या एफत खालांकडे, म्हणजे मावशींकडेही गेला. दुसऱ्या दिवशी नौशीन त्यांच्याकडे गेली तेव्हा मी तिच्या पर्समध्ये होतो.

"चहा, पिस्ते, सगळं पुढं केलं," खाला सांगत होत्या. "एक घोट घेईल तर शपथ! उपाशीच गेला मेला. पण मी तुझं कौतुक असं केलं की बस! म्हटलं, आईसाठी जीव देईल ही पोरगी. आई म्हणाली विहिरीत उडी मार, तर कुठल्या विहिरीत एवढंही विचारायची नाही."

नौशीन म्हणाली, "खाला, काय बोलून बसलात हो!"

"अगं, वाईट काय बोलले? आईला टाकलंस म्हणून सांगू?"

आमच्या लोकांत कौतुक मापून करत नाहीत. त्या माणसानं मात्र ते मापून घेतलं. आई परदेशात, लेक तिच्या शब्दाबाहेर नाही. उद्या तिकडे कुणी म्हातारीची मान धरली, तर ही इकडचं काय काय देऊन बसेल?

परवानगी अडकली. शेवटी नौशीननं मला कचेरीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या, हॅलोरन साहेबांच्या, हातात दिलं. "ठेवा तुमच्यापाशी. आता मी कुठे जात नाही." तिला परवानगी मिळाली आणि मला कुलूप.

मग नवरोज येत गेले, जात गेले.

परवा कपाट उघडलं. समोर नौशीन, डोळे सुजलेले. तूबा खानूम अंगणात पडल्या होत्या. खुबा मोडला होता, आता उठत नव्हत्या.

"घेऊन जा, तुमचाच आहे," हॅलोरन साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. "फक्त नेलात की मला वर कळवावं लागेल. मग परवानगी थांबेल. परत मिळेल का, ते मी नाही सांगू शकत."

"नुसता बघू का?"

"बघा की."

तिनं मला उघडलं. शिराझच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिली. "आई म्हणते, येऊ नकोस. मी बरी आहे, तू पोरीला सांभाळ."

"मग झालं तर!" साहेबांना हायसं वाटलं.

त्यांना काय ठाऊक! आमच्यात 'येऊ नकोस' म्हणणारी आई दाराकडे डोळे लावून पडलेली असते. नौशीनला ते ठाऊक आहे. ठाऊक असूनच तिनं मला मिटलं, आणि स्वतःच्या हातानं परत आत ठेवलं.

वाचणाऱ्यांनो, कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. देशाला आपलं घर राखावं लागतं. पण आईवर जीव असणं एवढं तरी कुणाचा गुन्हा धरू नका.

माझी मुदत संपत आलीय. तूबा खानूमचीही. आधी कुणाची संपते, तेवढंच या अंधारात ऐकत बसायचं.